त्याला शहाणं करू नका

मराठी चित्रपट लिहिणाऱ्या, करणाऱ्या आणि त्यांत पैसा घालणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर आम्ही बहीण-भाऊ एक मराठी चित्रपट बघायला गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एकाबद्दल नाही. त्यात एक काका होता. जुन्या वाड्यात एकटा राहायचा, उशाशी छत्री घेऊन झोपायचा, परसातल्या कावळ्यांना त्यानं नावं दिली होती. मध्यंतरापर्यंत सगळं थिएटर त्याच्यावर खूश होतं. मध्यंतरानंतर कळलं की त्याचं एका मुलीवर प्रेम होतं आणि ती पावसात वाहून गेली, म्हणून ती छत्री. मग पुतण्यानं त्याला जवळ घेऊन समजावलं, न्हाव्याला बोलावलं, आणि शेवटी पुतण्याच्याच लग्नात काका गुळगुळीत दाढी करून, जाकीट घालून अक्षता टाकताना दिसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा दादा खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "चल. त्यो गेला."

मला आधी उलगडेना. काका तर समोर हसत उभा होता. जिना उतरताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तेव्हापासून हे पत्र मनात आहे.

दादाबद्दल थोडं सांगते. त्याचं वय त्रेसष्ट. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. गेली चाळीस वर्षं तो रोज पहाटे पाचला एसटी स्टँडवर जातो. तिथं त्याला नोकरी नाही, कधी नव्हती. त्याच्याकडे दोनशे पानी वही असते. त्यात तो गाडीचा नंबर, कुठल्या फलाटाला किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली हे लिहितो. दुपारी जेवायला घरी येतो, चारला परत जातो, ते मुक्कामी गाडी येऊन ड्रायव्हर-कंडक्टर हातपाय धुवायला गेले की मगच परततो. कुणी विट्याची गाडी विचारली तर वही न उघडता सांगतो, "सव्वापाच म्हणत्यात, पर साडेपाचला लागती. डाव्या अंगाला बसू नगा, ऊन लागंल." चौकशीच्या खिडकीत माणूस असला तरी म्हाताऱ्या बायका आधी दादाला विचारतात. पोरं त्याला येडा म्हणतात. एखाद्या चित्रपटातला वेडा गाजला की सहा महिने त्याला त्या वेड्याच्या नावानं हाका मारतात. म्हणून हे पत्र तुम्हाला. तुम्ही पडद्यावर काय करता, त्याचा हिशेब आमच्या घरापर्यंत येतो.

काही वर्षांपूर्वी गावातल्या एका हौशी मंडळानं गणपतीत एकांकिका बसवली. त्यात दादा होता. म्हणजे एका पोरानं दादाची नक्कल केली होती: वाकडी मान, तोंडाचा चंबू, डाव्या खिशातून वही काढून भलतेच आकडे ओरडायचे. लोक पोट धरून हसले. दादा तिसऱ्या रांगेत बसला होता आणि मी त्याच्या शेजारी. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. नाटक संपल्यावर दादा सरळ रंगपटात गेला. मी घाबरून मागं धावले. त्या पोरापुढं उभं राहून तो शांतपणे एवढंच म्हणाला, "वही डाव्या खिशात न्हाय. उजव्या खिशात असती. आन सातची गाडी तासगावची न्हवं, पलूसची."

त्या पोराच्या चेहऱ्यावरचा रंग मला अजून आठवतो. आपली टर उडवली याचा राग दादाला आला नव्हता. चुकीचं दाखवलं याचा आला होता.

तुम्हाला सांगायचं आहे ते इथंच आहे. तुम्ही विक्षिप्त माणूस लिहायला घेता तेव्हा त्याला सैल सोडता. केस पिंजारलेले, कपडे विसंगत, मनाला येईल ते बडबडणारा. पण असा माणूस गावातला सगळ्यात कडक शिस्तीचा माणूस असतो. बाकीचे आपण सोयीनं वागतो. आज एक, उद्या दुसरं. त्यानं एक गोष्ट धरलेली असते आणि ती तो सोडत नाही. ती गोष्ट कोणती, हे लेखकाला नेमकं ठाऊक असेल तर तो माणूस पडद्यावर जिवंत होतो. ते ठाऊक नसलं की मग छत्री येते.

तुमच्यातल्याच थोरांनी हे करून दाखवलेलं आहे. 'सामना'तला मास्तर आठवा. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला चित्रपट. श्रीराम लागूंचा मास्तर म्हणजे दारूत बुडालेला, फाटका, एके काळचा स्वातंत्र्यसैनिक. समोर निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील. कारखाना, सत्ता, माणसं, सगळं त्याच्या मुठीत. या म्हाताऱ्याला भ्यायचं हिंदुरावाला काही कारणच नाही, म्हणून तर तो त्याला ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. आणि गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल मास्तर विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं? पुन्हा विचारतो. उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारतो, कारण ते उत्तर नसतं. हाच प्रश्न एखाद्या वकिलानं विचारला असता, अधिकाऱ्यानं विचारला असता, तर हिंदुरावाकडे इलाज होता. एकाला पैसे, दुसऱ्याची बदली. मास्तरला काय देणार? त्याला लागते ती बाटली, आणि ती तर आधीच दिलेली आहे. ज्याला विकत घेता येत नाही आणि ज्याची अब्रू काढता येत नाही असा माणूस गावात एकच असतो, आणि गाव त्याला वाया गेलेला म्हणतं. मास्तरचा भूतकाळ आपल्याला कळतो, पण त्यानं त्याचा प्रश्न बोथट होत नाही. आता विचार करा, मध्यंतरानंतर मास्तरची दारू सुटली असती आणि तो एखाद्या शाळेवर रुजू झाला असता, तर मारुती कांबळेचं काय झालं हे आजही महाराष्ट्रात कुणी बोलता बोलता विचारलं असतं का?

हसवणारे वल्लीही आपल्याकडे थोर झाले. १९५३च्या 'गुळाचा गणपती'त पु. ल. देशपांड्यांनी लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका असं सगळं स्वतः केलं, आणि एवढं सगळं हातात असताना त्यांनी स्वतःसाठी कोण निवडला, तर दिवास्वप्नात हरवलेला भोळा नाऱ्या. १९७१ साली दादा कोंडक्यांनी 'सोंगाड्या'त नाम्या आणला. लोंबणारी नाडी, ढगळ अर्धी चड्डी, तोंडात आये. हा चित्रपट दादरच्या थिएटरात लागावा म्हणून शिवसेनेला मध्ये पडावं लागलं, आणि लागल्यावर मात्र लोकांनी तो उतरू दिला नाही. माझे वडील गिरणीतून सुटीवर आले की नाम्याचे संवाद म्हणून दाखवायचे. खोलीत दहा माणसं, डोक्यावर मुकादम, गावाकडं कर्ज, आणि पडद्यावर एक असा गडी की ज्याला शहरातल्या शहाण्यांसारखं बोलता येत नाही आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही. वडिलांना मुंबईत पहिली दहा वर्षं स्वतःच्या बोलण्याची लाज वाटत होती, हे त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं. नाम्या त्यांना का आवडायचा ते मला त्या दिवशी समजलं. दादा कोंडक्यांचं सगळंच मला रुचतं असं नाही, बायकांच्या अंगानं जाणारे त्यांचे पुढचे विनोद मला आजही झोंबतात. पण एका चित्रपटातून दुसऱ्यात जाताना त्यांनी त्या चड्डीची फुलपँट केली नाही, हे त्यांचं मोठेपण मी मानते.

आपल्या भाषेनं अशा माणसाला किती वरची जागा दिली आहे बघा. आपण त्याला अवलिया म्हणतो. हा शब्द सूफी संतांचा. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत होते आणि त्याच तोंडानं आई-बापही म्हणत होते. त्यांना मानणाऱ्या महानुभाव पंथानं दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या, एकही पुसली नाही. शेगावला गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचताना, असं त्यांचे भक्त अभिमानानं सांगतात. ज्या समाजाला उकिरड्यावरचा माणूस थांबून बघायची सवय आहे, त्या समाजाला तुम्ही छत्रीचं कारण समजावून सांगत बसता. आम्हाला कारण नको असतं हो. आम्हाला तो माणूस बघायचा असतो.

आणि हा तुमचा धंदा सुरू कुणी केला? धुंडिराज गोविंद फाळक्यांनी. छपाईतलं चांगलं चाललेलं काम सोडलं, प्रोफेसर केळफा म्हणून जादूचे प्रयोग केले, आणि १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचं चलच्चित्र पाहून पुढं दुसरं काही सुचेनासंच झालं. इतकं पाहिलं की डोळ्यांवर परिणाम झाला. विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून लंडनला गेले, कॅमेरा आणला, आणि आल्यावर कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा लावून बसले. रोज थोडं थोडं चित्र घ्यायचं, म्हणजे पडद्यावर बघता बघता कोंब फुटून वेल चढेल. शेजारपाजाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. संसारी माणूस, पदरात मुलं, घरातलं सामान एकेक करून विकलं जातंय, आणि हा वाटाण्याचे फोटो काढतोय. तारामतीचं काम करायला बाई मिळेना तेव्हा खानावळीतला आचारी साळुंके उभा केला. नटांना सांगून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. परेश मोकाशींनी २००९च्या चित्रपटात हाच माणूस दाखवला आणि एका गोष्टीसाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे: नंदू माधवांचा फाळके कुठेही बिचारा होत नाही. घर रिकामं होत जातं आणि हा गडी खुशीत असतो. दादासुद्धा असाच असतो, पहाटे पाचला, थंडीत, मफलर बांधून. लोकांना वाटतं त्याला काहीतरी दुःख असणार. त्याला दुःख असतं ते फक्त गाडी रद्द झाली की.

इथं एक गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते. आजार आणि विक्षिप्तपणा यांत फरक आहे, आणि आजाराला उपचार हवेतच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४च्या 'देवराई'त शेष दाखवला तेव्हा त्याचा स्किझोफ्रेनिया गमतीचा केला नाही आणि भयंकरही केला नाही. त्याच्या बहिणीची ओढाताण बघताना मी थिएटरात तोंडात पदर धरून बसले होते. त्याच दोघांच्या 'अस्तु'मध्ये मोहन आगाशांचे संस्कृत पंडित सगळं विसरत चाललेले असतात, रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते त्याच्यामागे चालायला लागतात. मुलीच्या जिवाला घोर लागतो तो खरा आणि हत्तीपुढं पोहोचलेल्या त्या म्हाताऱ्याचा आनंदही खरा. दोन्ही एका चित्रपटात मावले, कारण करणाऱ्यांनी आधी बसून समजून घेतलं होतं. माझं भांडण उपचाराशी नाही, न्हाव्याशी आहे. ज्याला कसलाही आजार नाही त्यालासुद्धा तुम्ही शेवटच्या रिळात बरा करता, त्याच्याशी आहे.

आणखी एक, आणि हे बाई म्हणून लिहिते. मी वर जेवढे लिहिले तेवढे सगळे पुरुष. ही माझी चूक नाही, मी आठवून आठवून थकले. आपल्या पडद्यावर बाईला कजाग सासू होता येतं, भोळसट मोलकरीण होता येतं, अंगात येणारी होता येतं. आपल्या एका नादापायी जगाला विसरलेली, त्यात खुशीत असलेली बाई कुठं आहे? गावात तर असतात. आमच्या आळीत एक आजी होत्या. रोज संध्याकाळी घरातलं सगळं आटोपून गच्चीवर जाऊन आकाशातली विमानं मोजायच्या आणि आकडा कोळशानं भिंतीवर लिहायच्या. सुनेनं दर दिवाळीला भिंत रंगवून घेतली, आजींनी दर पाडव्याला पुन्हा एकपासून सुरुवात केली. पुरुषाला वल्ली म्हणतात, तिला चळलेली म्हणायचे. सरस्वतीबाई फाळक्यांचंच घ्या. स्वयंपाक आवरून रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडणारी, दागिने द्यायला तयार झालेली बाई. तिला आपण सहनशील पत्नी म्हणून मोकळे होतो. मला वाटतं तिलाही तोच नाद लागला होता. ती बाई लिहा की कुणीतरी. तिला नवऱ्याच्या पायाशी नका बसवू, त्या भोकं पाडायच्या यंत्रापुढं बसवा आणि कॅमेरा तिथंच ठेवा.

'फँड्री'तल्या चंक्याबद्दल दोनच ओळी, कारण तो भाग मी पुन्हा पुन्हा पाहते. नागराज मंजुळ्यांनी तो स्वतः केला आहे. गावात त्याचं सायकलचं दुकान, आणि गावाच्या लेखी तो कामातून गेलेला. जब्याला काळी चिमणी हवी असते, तिची राख आवडत्या मुलीवर टाकली की ती वश होते म्हणून, आणि सगळ्या गावात त्या चिमणीवर विश्वास ठेवणारा मोठा माणूस एवढाच. ज्या पोराला शाळा, पाटील, जात, कुणीच उभं करत नाही, त्याच्या बाजूला तो एक दुकानदार उभा असतो. असा माणूस गोष्टीत कशासाठी लागतो, हे मला कुणी विचारलं तर मी चंक्याकडं बोट दाखवीन.

शेवटी २०११ची गोष्ट सांगते. उमेश कुलकर्णींचा 'देऊळ' आमच्या गावात लागला होता, मी दादाला घेऊन गेले. तुम्हाला चित्रपट ठाऊकच आहे. गिरीश कुलकर्णींचा केश्या, त्याची करडी गाय हरवते, तो रानात हिंडून तिला शोधतो, ती सापडते, झाडाखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्त दिसतात. पुढं सगळं गाव त्या दर्शनावर तुटून पडतं. राजकारण, दुकानं, देणग्या, भक्तांच्या गाड्या. आणि केश्या आपला दत्त शोधत बावरून हिंडत राहतो. लोक हसत होते, मध्येच गप्प होत होते. दादा पहिल्यापासून शेवटपर्यंत हललासुद्धा नाही. बाहेर पडल्यावर आम्ही चालत घरी निघालो. मी त्याला विचारलं, आवडला का? तो बराच वेळ बोलला नाही. पुलाजवळ आल्यावर म्हणाला, "गाय घावली तवाच पिच्चर संपला की."

त्या चित्रपटावर नंतर मी पुष्कळ वाचलं, पुरस्कार मिळाले तेव्हा कौतुकही वाचलं. पण एवढं नेमकं कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. केश्याला दत्त हवा नव्हता, देऊळ हवं नव्हतं. त्याला गाय हवी होती आणि ती सापडली होती. पुढचं सगळं बाकीच्यांचं. कुलकर्णी मंडळींना हे माहीत असणार, म्हणूनच त्यांनी शेवटपर्यंत केश्याला गावाच्या शहाणपणात मिसळू दिलं नाही. पण माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला ते कुणी न सांगता कळलं होतं.

तुम्ही नवीन काही लिहीत असाल आणि त्यात असा कुणी येणार असेल, तर एकदा आमच्याकडं या. संध्याकाळी साडेसहापर्यंत स्टँडवर पोहोचा. तीन नंबरच्या फलाटाला, पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर दादा असतो. कॅमेरा आणू नका, वही मागू नका, तो देत नाही. नुसते शेजारी बसा आणि परतीची गाडी विचारा. तो सांगेल ती वेळ धरा, फळ्यावर लिहिलेली धरू नका. आणि कुठल्या अंगाला बसायचं तेही विचारून घ्या.

आपली,
सांगली जिल्ह्यातली एक प्रेक्षक